तिपाईवरील यंत्र आणि त्याचे राखणदार

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर लोहा हे गाव लागते, आणि तोच रस्ता पुढे माळेगावावरून जातो, जेथे मार्गशीर्षाच्या वद्य पक्षात खंडोबाची यात्रा भरते व घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार, तमाशांचे फड आणि कुस्त्यांचा आखाडा यांनी सारे माळरान गजबजून जाते. या मुलखाविषयी लिहिणाऱ्यांनी कंधारचा किल्ला, राष्ट्रकूटांचे वैभव, निजामी अंमलातील महसुलाची व्यवस्था आणि हैदराबादचा मुक्तिसंग्राम यांवर पुष्कळ आणि उत्तम लिहिले आहे. परंतु ज्या यंत्राने येथील लग्ने, सभा, यात्रा आणि माणसांचे चेहरे टिपून ठेवले, ते यंत्र तिपाईवर नीट उभे करणाऱ्या, आणि धूळ, उष्णता, विजेचा धक्का व आग यांपासून त्याला, स्वतःला आणि भोवतीच्या जनांना राखणाऱ्या माणसांचा इतिहास माझ्या वाचनात आलेला नाही. चित्रपटाचे इतिहासकार दिग्दर्शकांची आणि नटांची नावे आदराने घेतात, ते योग्यच आहे. तथापि कॅमेऱ्याच्या विद्येचा निम्म्याहून अधिक भाग चित्र घेण्यास आरंभ होण्यापूर्वीच पुरा झालेला असतो, आणि तो भाग मुख्यतः रक्षणाचा व पूर्वतयारीचा आहे, असे माझे मत आहे. या मताच्या समर्थनार्थ हा इतिहास जुळवून पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

आरंभ मराठवाड्यातच करता येतो. अजिंठ्याची लेणी त्या काळी निजामाच्या राज्यात होती, आणि तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी कंपनी सरकारने १८४४ साली रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक केली. कित्येक वर्षांच्या श्रमाने त्याने रंगविलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ सालच्या आगीत भस्मसात झाल्या. पुढील काळात गिलने कॅमेरा हाती घेतला आणि अजिंठा-वेरूळची छायाचित्रे काढली. अंधाऱ्या लेण्यात कॅमेरा लावणे म्हणजे काय, याची कल्पना आज सहजासहजी यावयाची नाही. ज्या पद्धतीचा शोध फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ साली लावला, त्या ओल्या काचेच्या पद्धतीत छायाचित्रकाराने काचेवर कलोडियनचा थर द्यावा, ती रुप्याच्या क्षारात बुडवावी, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी आणि सुकण्याच्या आत धुवावी, असा क्रम होता. कलोडियन म्हणजे ईथर आणि मद्यार्क यांत विरघळविलेला बंदुकीचा कापूस. त्याची वाफ एका ठिणगीने पेट घेते. अर्थात उन्हाळ्याच्या दिवसांत तंबूमध्ये हे रसायन हाताळणाऱ्याला दिव्याची वात कोठे ठेवावी आणि कोठे ठेवू नये, याचे ज्ञान चित्राच्या रचनेच्या ज्ञानाइतकेच आवश्यक होते. हैदराबादच्या सहाव्या निजामाने ज्यांना आपले दरबारी छायाचित्रकार केले आणि १८९४ साली ‘राजा मुसव्विर जंग बहादूर’ असा किताब दिला, त्या लाला दीनदयाळ यांच्या वाट्याला मात्र पुढे काचेची कोरडी पट्टी आली. यामुळे तंबूतील ईथरचे भय गेले आणि छायाचित्रकाराच्या लवाजम्याचे ओझेही पुष्कळ हलके झाले.

भय गेले खरे, पण ते फार काळ दूर राहिले नाही. चलच्चित्रासाठी जी लवचीक फीत आली ती सेल्युलोज नायट्रेटची, म्हणजे त्याच बंदुकीच्या कापसाच्या कुळातली. ही फीत एकदा पेटली की ज्वलनाला लागणारा प्राणवायू स्वतःमधूनच पुरविते, त्यामुळे पाण्यात बुडवूनही ती विझत नाही. ४ मे १८९७ रोजी पॅरिसच्या एका धर्मादाय बाजारात प्रक्षेपण-यंत्राच्या दिव्यातील ईथर भडकले आणि सव्वाशेच्या आसपास माणसे जळून गेली. मुंबईत त्याच्या आदल्या वर्षी, ७ जुलै १८९६ रोजी, वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रांचा पहिला खेळ झाला होता. तो खेळ मनावर घेऊन हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सर्वांचे सावेदादा, यांनी विलायतेहून कॅमेरा मागविला, १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये दोन मल्लांची कुस्ती टिपली, आणि रँग्लर परांजपे १९०१ साली केंब्रिजहून परतले तेव्हा त्यांच्या स्वागताचे चित्रणही केले. पॅरिसच्या त्या आगीचा धसका जगभरच्या सरकारांनी घेतला. ब्रिटिश हिंदुस्थानात १९१८ साली सिनेमॅटोग्राफचा कायदा झाला, त्याची आठवण आपण सेन्सॉरमुळे ठेवतो. परंतु खेळाची जागा सुरक्षित आहे की नाही हे पाहून परवाना द्यावा, ही तजवीजही त्याच कायद्यात होती, आणि ती कमी महत्त्वाची खचित नव्हती.

दादासाहेब फाळके यांच्या चरित्रातील ज्या प्रकरणावर लेखक सर्वांत कमी रेंगाळतात, तेच मला सर्वांत मोलाचे वाटते. १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फितीला भोके पाडण्याचे यंत्र खरेदी केले आणि एप्रिलमध्ये परत आले. त्या काळी कोरी फीत विनाछिद्र येत असे. दात्यांच्या चाकात ती नेमकी अडकावी म्हणून प्रत्येक चौकटीच्या दोन्ही बाजूंस चार-चार भोके घरीच, तीही पूर्ण अंधारात, पाडावी लागत. सरस्वतीबाई फाळके यांनी हे काम शिकून घेतले, फीत धुण्याचेही शिकून घेतले, आणि दिवसभर संसार व रात्री अंधारकोठडी असा त्यांचा क्रम राहिला. एक भोक तिरपे पडले तर त्या जागी चित्र थरथरते, आणि दोन-चार तिरपी पडली तर फीत तुटून यंत्रात गोळा होते. म्हणजे हिंदुस्थानच्या पहिल्या पूर्ण लांबीच्या कथापटाचे स्थैर्य एका मराठी गृहिणीच्या बोटांवर अवलंबून होते, हे विधान अतिशयोक्तीचे नाही.

भांडवल देणाऱ्याची खात्री पटविण्यासाठी फाळक्यांनी जे पहिले लहानसे चित्र केले, ते वाटाण्याच्या अंकुराच्या वाढीचे होते. कुंडीसमोर कॅमेरा रोवून, ठराविक अंतराने एकेक चौकट घेत, महिनाभराहून अधिक काळ त्यांनी ती वाढ टिपली. या प्रयोगाकडे कौतुकाने पाहणारे फार असले तरी त्याची तांत्रिक कसोटी किती कठीण होती, हे ध्यानात घेणारे थोडे. इतक्या दिवसांत कॅमेरा केसभरही हलता कामा नये, प्रकाश रोज एकाच दिशेने यावा, भिंगावर धूळ बसू नये, कुंडीला कोणी धक्का लावू नये, फीत आत उष्णतेने चिकटू नये. एखाद्या संथ प्रक्रियेवर यंत्राचा डोळा खिळवून ठेवावयाचा आणि माणसाच्या डोळ्याला जे दिसत नाही ते दाखवावयाचे, हा जो पुढील काळातील औद्योगिक कॅमेऱ्याचा मुख्य धर्म, त्याचे आपल्याकडील पहिले आचरण मी या कुंडीपुढे झालेले मानतो. १९१७ साली फाळक्यांनी चित्रपट कसे तयार करतात हे दाखविणारे चित्रही काढले. आपली विद्या झाकून न ठेवता ती यंत्रासकट लोकांपुढे मांडावी, ही त्यांची वृत्ती होती, आणि या धंद्यातील पुढच्या कित्येक पिढ्यांत ती दुर्मीळ होत गेली याचा मला मनापासून खेद वाटतो.

यापुढची कथा कोल्हापूरची. बाबूराव कृष्णराव मेस्त्री आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव हे नाटकांचे पडदे रंगविणारे. दोघांचीही नावे पुढे पेंटर या उपनामानेच रूढ झाली. फाळक्यांचे चित्र पाहून त्यांना चित्रपट काढण्याचा ध्यास लागला, पण विलायती कॅमेऱ्याची किंमत आवाक्याबाहेरची होती, म्हणून त्यांनी जुने प्रक्षेपण-यंत्र मिळविले, त्याची रचना समजून घेतली आणि कॅमेरा आपणच घडवावा असा संकल्प केला. १९१६ साली आनंदराव अकाली निवर्तले. बाबूरावांनी धीर सोडला नाही. विष्णुपंत दामले या यंत्रबुद्धीच्या शिष्याला हाताशी धरून १९१८ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा पुरा केला, आणि त्या स्वदेशी यंत्राने चित्रित झालेला ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्यात झळकला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविले.

कॅमेरा घडविला, असे एका वाक्यात म्हणून मोकळे होणे या कर्तृत्वाला न्याय देणारे नाही. म्हणून त्या पेटीत काय असावे लागते ते थोडे विस्ताराने सांगतो. फीत गुंडाळलेल्या चकतीवरून निघून भिंगामागील खिडकीशी यावी, तेथे क्षणभर पूर्ण निश्चल राहावी, त्या क्षणी पडदा उघडून प्रकाश आत यावा, मग पडदा मिटावा आणि तो मिटलेला असतानाच फीत नेमकी एका चौकटीने पुढे सरकावी. आणि हे सर्व सेकंदाला सोळा वेळा घडावे. मूठ एकदा फिरविली की आठ चौकटी सरकतात, म्हणून चालविणाऱ्याने सेकंदाला दोन फेरे, ना कमी ना अधिक, असा ठेका हाताला लावून घ्यावा. खिडकीपाशी फितीला दाबून धरणारी पट्टी सैल राहिली तर चित्र नाचते, घट्ट झाली तर फितीवर ओरखडे उठतात. पेटीला कोठे सुईएवढी फट राहिली तर सारी फीत काळवंडते. मोजमापाची सूक्ष्म उपकरणे नसताना, यंत्रशाळेचे शिक्षण नसताना, सुतारी-चित्रकारीच्या परंपरेतून आलेल्या माणसांनी हे साधले. पडद्यावरची चित्रे रंगविताना जी नजर कमावली होती ती त्यांच्या कामी आली असेल. पण खरा आधार मला वाटतो तो कारागिराच्या सवयीचा, की एखादा भाग बसत नसेल तर तो ठोकून बसवू नये, पुन्हा काढावा, पुन्हा घासावा आणि पुन्हा लावून पाहावा.

छत्रपती शाहू महाराजांचा आश्रय महाराष्ट्र फिल्म कंपनीला लाभला आणि तानीबाई कागलकरांनी आर्थिक साहाय्य केले. १९२३ च्या ‘सिंहगड’साठी बाबूरावांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला, तेव्हा या धंद्यात धोक्याचे एक नवे दालन उघडले. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ज्योत पेटविणारा आर्कचा दिवा इतका प्रखर असतो की उघड्या डोळ्यांनी पाहिल्यास डोळे सुजतात. त्याची ठिणगी खाली पडते. आणि तेथूनच काही हातांवर नायट्रेटची फीत भरलेला कॅमेरा उभा असतो. दामले, फत्तेलाल, शांताराम प्रभृती मंडळी याच शाळेत तयार झाली आणि १ जून १९२९ रोजी त्यांनी प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली, हे सर्वश्रुत आहे. प्रभातच्या चित्रांमधील स्वच्छ, निष्कंप छायाचित्रण हे या शाळेच्या शिस्तीचेच फळ होय, असे मी मानतो. नायट्रेटचा शाप मात्र मागे लागलाच होता. कारखान्यांनी १९५० च्या सुमारास या फितीचे उत्पादन थांबविले, सहजी न पेटणारी ‘सेफ्टी’ फीत सर्वत्र आली, आणि तरीही पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारात जपून ठेवलेल्या नायट्रेट फितींना जानेवारी २००३ मध्ये आग लागून मूकपटांच्या युगापासूनचा अमोल ठेवा नष्ट झाला.

आपल्या मुलखात चित्रपट आला तो याहून वेगळ्या वाटेने. निजामाच्या राजधानीत धीरेन गांगुली यांनी १९२२ साली लोटस फिल्म कंपनी काढली, पण १९२४ मध्ये ‘रझिया बेगम’ या चित्राने दरबाराची खप्पामर्जी झाली आणि त्यांना राज्य सोडण्याचा हुकूम झाला. राजधानीत जे टिकले नाही ते कंधार तालुक्यातील खेड्यांत कोठून रुजणार? तेव्हा लोहा कंधार तालुक्यातच मोडत असे. गावोगावच्या माणसाला सिनेमा दिसला तो यात्रेत, तंबूमध्ये. तंबूचा मालक आधी दरखास्त देऊन परवाना मिळवी. नंतर मेखा ठोकून कनाती उभ्या करी. प्रक्षेपण-यंत्र प्रेक्षकांपासून वेगळे, शक्य तर पत्र्याच्या खोपटात ठेवी. आणि वाळू भरलेल्या बादल्या हाताशी ठेवी. तंबूचे कापड, खाली अंथरलेले तणीस, बाहेर बिड्या ओढणारे शेकडो लोक आणि आत कार्बनची ज्योत, अशा परिस्थितीत खेळ पार पाडणारा ऑपरेटर, लोकांच्या दृष्टीने एक तेलकट सदऱ्यातला नोकर असला तरी, वस्तुतः त्या रात्री सर्वांच्या जिवाचा जिम्मेदार असे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी अंमल संपला, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाले. या सर्व स्थित्यंतरांत राज्यकर्ते आणि दप्तराची भाषा बदलली, पण वाळूच्या बादल्यांचा बंदोबस्त तोच राहिला.

ज्याला आपण व्हिडिओ म्हणतो, त्याचा जन्म करमणुकीसाठी झाला असे समजणे बरोबर नाही. १९४२ साली जर्मनीतील पेनेम्युंडे येथे अग्निबाणाचे उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहता यावे म्हणून वाल्टर ब्रुख या अभियंत्याने दूरचित्रवाणीचा कॅमेरा लावला. माणसाने जेथे उभे राहू नये तेथे यंत्राने उभे राहावे, हे औद्योगिक कॅमेऱ्याचे प्रयोजन त्या पहिल्या प्रयोगातच पूर्णपणे दिसते. त्या अग्निबाणांनी पुढे जो संहार केला तो लक्षात घेता, या प्रयोजनाचा उगम युद्धात असावा याचे दुःख होते. १९५० साली अमेरिकेतील आर.सी.ए. कंपनीने व्हिडिकॉन नावाची लहान नळी तयार केली आणि त्यामुळे कॅमेरा भट्टीजवळ, बाष्पकाच्या तोंडाशी, अरुंद बोगद्यात लावण्याइतका आटोपशीर झाला.

या नळीने चालविणाऱ्यांना नवे नियम शिकविले. सूर्याकडे किंवा वितळलेल्या धातूकडे भिंग रोखले तर नळीतील प्रकाशसंवेदी पडद्यावर कायमचा डाग पडतो. एकाच प्रखर दृश्यावर कॅमेरा दीर्घकाळ खिळवून ठेवला तरी त्याची छाया उमटून राहते. म्हणून काम थांबले की आधी भिंगाचे झाकण लावावे, मगच वीज बंद करावी. नळी तोंड खाली करून ठेवू नये, कारण आतील सूक्ष्म कण सुटून पडद्यावर पडतात. केबल जोडताना वा काढताना वीज बंद असावी. पेटीच्या आत शेकडो व्होल्टचा दाब असतो आणि स्विच बंद केल्यावरही काही काळ राहतो, सबब झाकण उघडून बोट घालण्याचा मोह कोणीही करू नये. हे नियम परदेशी पुस्तिकांत छापून आले असतील, पण आपल्याकडील माणसांनी ते एकमेकांकडून तोंडी शिकून घेतले.

१५ ऑगस्ट १९८२ रोजी दूरदर्शनवर रंग आला, आणि दुसऱ्याच दिवशी उस्मानाबादेतून वेगळा निघून लातूर जिल्हा अस्तित्वात आला; या दोन घटनांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही, तरी लोहा-लातूर पट्ट्यातील शूटिंगवाल्यांच्या धंद्याचा काळ मोजताना मला त्या शेजारी ठेवाव्याशा वाटतात. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत व्हिडिओ कॅमेरा तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला. खांद्यावर ठेवावयाचा, पूर्ण आकाराची कॅसेट पोटात घेणारा पॅनासॉनिकचा कॅमेरा ज्याच्या दुकानात आला, त्याच्या दुकानाच्या पाटीवर ‘फोटो स्टुडिओ’ याच्या पुढे ‘व्हिडिओ शूटिंग’ हे शब्द चढले, आणि लग्नाच्या याद्या ठरताना बँडवाला, मांडववाला, आचारी यांच्या पंक्तीत शूटिंगवाल्याची सुपारी देणे सुरू झाले.

या माणसांचे काम मी जवळून पाहिले आहे, आणि त्यातील चांगल्यांची पूर्वतयारी आजच्या एखाद्या कारखान्यातील तंत्रज्ञालाही शोभणारी होती. आमच्याकडची जमीन काळी, कापसाची. पावसाळा सरून ती वरून सुकली तरी आत मऊ असते आणि तिपाईचे पाय हळूहळू आत जातात, एक अधिक, एक उणा. त्यामुळे जाणता शूटिंगवाला प्रत्येक पायाखाली शहाबादी फरशीचा तुकडा किंवा फळी घाली, वरच्या बुडबुड्याकडे पाहून पातळी साधी, आणि वारा असेल तर तिपाईच्या मधल्या दांड्याला मातीने भरलेली पिशवी टांगून ठेवी. नंतर रंगाची बाब. मांडवाचे कापड गुलाबी, वरून ऊन, मधून हॅलोजनचा पिवळा झोत, अशा मिश्र प्रकाशात कॅमेऱ्याला पांढरे म्हणजे काय हे आधी सांगावे लागते. त्यासाठी पांढरी वस्तू समोर धरावी लागते, आणि ती कोठून आणावी, तर एखाद्या मामांच्या कडक धुतलेल्या धोतरावर, नाही तर भटजींनी घडी घालून ठेवलेल्या अंतरपाटावरच कॅमेरा रोखून तो बटण दाबी. मग मंगलाष्टकांत नवरीची हळद हळदीसारखी दिसे.

सर्वांत जोखमीची वस्तू म्हणजे हजार वॉटचा हॅलोजन. तो हाती धरणारे पोरगे बहुधा पंधरा-सोळा वर्षांचे असे. हॅलोजनची काचनळी चालू असताना अतिशय तापलेली असते आणि तिला बोटाचा तेलकट ठसा लागला तर त्याच जागी ती तडकते. म्हणून नवी नळी कागदाने वा कापडाने धरूनच बसवावयाची. ‘कापडापासून हातभर लांब धर रं बापू, आन् इझल्यावर बी लगेच हात लावू नगं,’ हे वाक्य मी मांडवात ऐकले आहे, आणि सुरक्षेच्या कोणत्याही सरकारी परिपत्रकापेक्षा ते अधिक उपयोगी होते. वीज घेण्याच्या बाबतीत मात्र सर्वांचाच विवेक सारखा नव्हता. लग्नघरची मंडळी तारेवर आकडा टाकून देण्यास तयार असत, आणि पुष्कळ ठिकाणी तसेच चालेही. पण ज्याला धंद्याची चाड होती तो स्पष्ट नकार देई, तीन पिनांचाच बोर्ड मागे, जाड पिनेची अर्थिंगची तार खरोखर जमिनीत गेली आहे की नाही हे टेस्टर लावून पाही, आणि दाब वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझरशिवाय काहीही जोडत नसे. केबल तो तिपाईच्या पायाला एक वेढा देऊन बांधी, म्हणजे धावणाऱ्या पोराचा पाय अडकला तरी ओढ पायाला बसेल, कॅमेऱ्याला बसणार नाही. आणि माणसांच्या वाटेवर ती सतरंजीखाली घालून दोन्ही कडांना टेप मारी.

वैशाखात या भागातील तापमान बेचाळीस अंशांच्या वर जाते. अशा उन्हात जीपमध्ये ठेवलेला कॅमेरा तापतो, टेप आतील फिरत्या ढोलावर चिकटते. उलट थंडगार खोलीतून तो एकदम दमट हवेत काढला तर आत दव धरते आणि यंत्र आपणहून बंद पडते. वरातीच्या धुळीने फिरत्या हेडमध्ये मळ बसून चित्रावर पांढऱ्या रेघा येऊ लागतात. त्यांवर उपाय म्हणून साबराच्या मऊ कातड्याला शुद्ध मद्यार्क लावून, ढोल हाताने हळू फिरवीत, कधीही वर-खाली न घासता, ते पुसावे लागे. ही कृती मी एकदा दुकानाच्या मागील खोलीत पाहिली तेव्हा बोलणे थांबले होते, पंखा बंद केलेला होता आणि मालकाने हातातील अंगठ्या काढून ठेवल्या होत्या.

यानंतर नळी जाऊन तिच्या जागी अर्धवाहकाची चकती आली, टेप जाऊन कार्ड आले, आणि शूटिंगवाल्यांचीच पुढची पिढी बँकांत, कापसाच्या जिनिंगमध्ये आणि साखर कारखान्यांत टेहळणीचे कॅमेरे बसवू लागली. साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होताना गव्हाणीत मोळी टाकण्याचा समारंभ होतो, त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. पण त्याच गव्हाणीच्या वर, कटरकडे चढत जाणारा ऊस सारखा येतो आहे की ढीग होऊन अडकतो आहे हे मिलवरच्या माणसाला बसल्या जागी दिसावे म्हणून जो कॅमेरा लावतात, त्याच्याकडे पाहुण्यांचे लक्ष जात नाही. ती जागा कॅमेऱ्याच्या दृष्टीने अत्यंत वाईट आहे. खाली साखळ्यांवर चालणारी गव्हाण, पुढे फिरणाऱ्या सुऱ्या, हवेत पाचटाचा भुसा, बाजूला वाफ, आणि सर्व लोखंडी सांगाड्याला अहोरात्र कंप.

तेथे कॅमेरा बसविताना पहिले काम वर चढण्याचे नसते. गव्हाण थांबवून तिचा मुख्य स्विच काढावयाचा, त्याला कुलूप घालून किल्ली जो वर चढणार त्याच्याच खिशात द्यावयाची, आणि पाटी टांगावयाची. फ्यूज उपसून खिशात घालणारे जुने वायरमन हेच करीत होते. १९४८ च्या कारखाने अधिनियमात चालत्या यंत्राला कुंपण असावे आणि चालू यंत्राशी कोणी कसे काम करावे याचे निर्बंध आहेत. ते शब्दशः पाळले तर काम अर्धा तास उशिरा सुरू होते, आणि तो अर्धा तास मागण्याची हिंमत ज्या तंत्रज्ञाच्या अंगी असते तोच या धंद्यात निर्धास्त म्हातारा होतो. कंबरेचा पट्टा वरच्या तुळईला अडकवून मगच दोन्ही हात मोकळे करावेत. कॅमेऱ्याचा आधार कटरच्या पायाला न जोडता इमारतीच्या खांबाला जोडावा, नाही तर कंपाने एका आठवड्यात नट ढिले होतात. आणि नट कितीही आवळले तरी एक पोलादी साखळी स्वतंत्र बांधावी, कारण आधार तुटला तर ती पेटी सरळ उसाबरोबर सुऱ्यांत जाते आणि तिचे तुकडे कोणाच्या अंगावर येतील हे सांगता येत नाही. पेटीत केबल शिरते ते तोंड खालच्या बाजूस ठेवावे व केबलला एक झोळ द्यावा, म्हणजे वाफेचे पाणी झोळातून गळून जाते. चित्राची केबल मोटारींच्या जाड केबलींपासून दूर न्यावी, अन्यथा पडद्यावर लाटा उठतात. शेडची पूर्व बाजू उघडी असेल तर सकाळचे ऊन भिंगात शिरणार नाही अशी दिशा धरावी. काचेवरचा भुसा कोरड्या फडक्याने घासू नये, आधी फुंकून उडवावा. कारण त्यात मातीची कणी असते.

ही माहिती एका निवृत्त होण्यास आलेल्या फिटरच्या वहीत मी वाचली. दोनशे पानी वही, वर तेलाचे बोट, आत कोणत्या हंगामात कोणत्या खांबावर कोणता आधार लावला, कोणता का उतरविला, कोणता नट किती दिवसांत सैल झाला याच्या नोंदी, आणि मधूनमधून उसाच्या गाडीचे हिशोब. अशा वह्या लोह्यात, कंधारात, अहमदपुरात, लातूरच्या दुकानांत आणि कारखान्यांच्या वसाहतींत आणखी असतील. शूटिंगवाल्यांच्या जुन्या पावतीपुस्तकांवरून कोणत्या गावात व्हिडिओ कोणत्या वर्षी आला ते ठरविता येईल. आणि कॅसेटीवरील चुंबकीय लेप या हवेत फार वर्षे टिकणारा नसल्यामुळे माळेगावच्या यात्रेची, त्यातील घोड्यांच्या बाजाराची आणि कुस्त्यांची जी चित्रणे अद्याप कपाटांत पडून आहेत, ती उतरवून घेण्यास फार अवकाश उरलेला नाही. नांदेडला १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ आहे. त्याच्या इतिहास विभागाने दोन विद्यार्थी आणि एक चालू स्थितीतील व्हीसीआर एवढ्या सामग्रीवर हे काम हाती घ्यावे, आणि पहिल्या यादीत वहीच्या मालकाचे नाव चित्रणाच्या मालकाच्या नावाबरोबरच लिहावे.